सीवॉलवरून सायकली हटवल्या तेव्हा: व्हँकुव्हरच्या स्टॅनली पार्कमधल्या तात्पुरत्या बंदीचा प्रकरण अभ्यास

२०२० च्या एप्रिलमध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात, स्टॅनली पार्कच्या समुद्रकाठच्या वाटेवर, म्हणजे सीवॉलवर, सायकल चालवायला तात्पुरती मनाई झाली. वाट सामायिक, चालणारे आणि सायकलवाले दोघांचीही. कारण अर्थातच कोविड.

अशा बंद्या त्या वर्षी जगभर झाल्या. हीच निवडली, कारण इथे बंदीच्या आधी सायकलवाल्यांसाठी दुसरी जागा तयार झाली होती. आणि पुढे ती जागा निम्मी झाली तरी बंदी पूर्ण तशीच राहिली. या दोन गोष्टींच्या मधला काळ मला जास्त शिकण्यासारखा वाटतो. अधिकाऱ्यांची नावं इथे नाहीत. अधूनमधून ज्या मराठी घराचा उल्लेख येतो, त्याचे तपशील ओळख पटणार नाही इतपत बदलले आहेत.

पार्श्वभूमी

स्टॅनली पार्क म्हणजे शहराच्या मध्यवस्तीला लागून समुद्रात शिरलेलं सुमारे ४०५ हेक्टरचं जंगल. १८८८ मध्ये ते सार्वजनिक उद्यान झालं. त्याआधी हजारो वर्षं ही मस्क्विअम, स्क्वामिश आणि त्स्लेल-वाउटुथ लोकांची भूमी होती. उद्यानाला वेढा घालून जाते ती सीवॉल, सुमारे ९ किलोमीटरची.

हिचा जन्म फिरायची वाट म्हणून झालेला नाही. लाटांनी किनारा खचत होता, तो थोपवायला १९१७ मध्ये दगडी भिंत बांधायला घेतली. जेम्स कनिंगहॅम नावाच्या गवंड्याने १९३१ पासून तीस वर्षांहून अधिक काळ या कामावर देखरेख केली, १९६३ मध्ये तो वारला, आणि वर्तुळ पूर्ण झालं १९७१ मध्ये. म्हणजे वाटेची रुंदी माणसांची ये-जा मोजून कुणी ठरवलेली नाही. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये उरलं ते मिळालं. पश्चिमेकडच्या भागात कड्यावरचे सुटे दगड पाडण्यासाठी वाट अधूनमधून बंद ठेवावी लागते. डिसेंबर २००६ च्या वादळात उद्यानातली सुमारे १०,००० झाडं पडली, तेव्हाही तिचा मोठा तुकडा बराच काळ बंद होता. तात्पुरतं बंद असणं इथल्या लोकांना नवं नाही. नवं होतं ते एकाला मुभा आणि दुसऱ्याला मनाई.

बहुतेक ठिकाणी वाटेचे दोन पट्टे आहेत. पाण्याकडचा चालणाऱ्यांचा, जमिनीकडचा सायकल आणि स्केट्सचा. सायकली एकाच दिशेने जातात, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. चालणारे दोन्ही दिशांना. काही चिंचोळ्या जागी पट्टे जेमतेमच वेगळे राहतात.

याच वाटेला बऱ्यापैकी समांतर, पण आतून आणि वरून, स्टॅनली पार्क ड्राइव्ह हा गाड्यांचा रस्ता आहे. तोही एकेरी, त्याच दिशेचा, दोन लेनचा. मात्र सीवॉल सपाट आहे आणि हा रस्ता लायन्स गेट ब्रिजपाशी प्रॉस्पेक्ट पॉइंटवर चढतो. पुढे सगळं या चढापाशीच अडतं.

उद्यानाचा कारभार महानगरपालिकेच्या एखाद्या खात्याकडे नाही. व्हँकुव्हरमध्ये बागांसाठी सात सदस्यांचं वेगळं पार्क बोर्ड आहे आणि ते थेट निवडून येतं. म्हणजे उद्यानातला रस्ता बोर्डाचा आणि उद्यानाबाहेर पाऊल टाकलं की रस्ता शहराचा.

अडचण

मार्च २०२० मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आणीबाणी जाहीर झाली. व्यायामशाळा, पोहण्याचे तलाव, शाळा बंद. पण आपल्याकडच्यासारखं दारालाच कुलूप नव्हतं. बाहेर पडा, हवा खा, फक्त दोन मीटर अंतर ठेवा, असा सल्ला होता. मग उद्यानाला लागून असलेल्या वेस्ट एंड वस्तीतल्या उंच इमारतींमधून लोक निघाले आणि पोहोचले ते थेट सीवॉलवर. दुसरं जायचं तरी कुठे?

दोन मीटरचा हिशोब साधा आहे. समोरून येणाऱ्यापासून चालणाऱ्याला दोन मीटर दूर व्हायचं तर त्याच्या पट्ट्यात तेवढी जागाच नाही. मग तो सायकलच्या पट्ट्यात पाऊल टाकतो. सायकलवाला त्याला चुकवायला कड्याकडे सरकतो, नाहीतर करकचून ब्रेक दाबतो. इतकी वर्षं वाट चालली ती पट्टे पाळल्यामुळे, आणि अंतराच्या नियमाने पट्टेच मोडायला लावले.

त्या मराठी घरातले आजोबा मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले होते. भारतात विमानं बंद झाली आणि ते अडकले. रोज सकाळी चालायला जायचे. एक दिवस घरी येऊन सुनेला म्हणाले, "अगं, मागून घंटी वाजली की मी आपसूक डावीकडे होतो. जन्मभराची सवय. आणि इथे सायकल नेमकी डावीकडूनच येते. काल एक बाई माझ्यामुळे पडता पडता वाचली."

सून म्हणाली, "बाबा, तुम्ही पाण्याच्या कठड्याला धरूनच चाला."

"कठड्याला धरून चाललो तर समोरचा माणूस अंगावर येतो. तो दोन मीटर कसा जाणार?"

समुद्र उजव्या हाताला ठेवून चालणाऱ्याच्या डावीकडे सायकलचा पट्टा येतो, म्हणून ही अडचण. उजवीकडून चालायची सवय असलेल्या देशात ती कुठल्या पाटीवर लिहिलेली नसणार. पण प्रश्नाचं सार आजोबांच्या त्या दोन वाक्यांत आहे.

अशा वाटेवरचा धोका काल्पनिकही नव्हता. याच उद्यानातून जाणाऱ्या हमरस्त्याच्या, म्हणजे कॉजवेच्या, अरुंद सामायिक फुटपाथवरून २०१३ मध्ये एक सायकलस्वार महिला रहदारीत पडली आणि तिचा मृत्यू झाला. त्यानंतर तिथले फुटपाथ रुंद केले गेले, कठडे आले. कॉजवेच्या कडेला ते शक्य होतं. सीवॉल रुंद करायची तर कडा फोडावा लागेल किंवा समुद्र बुजवावा लागेल.

समोर असलेले पर्याय

बोर्डाच्या बैठकीत कोण काय म्हणालं, त्यात मी शिरत नाही. अशा जागी त्या वेळी काय काय करता येण्यासारखं होतं, ते मांडतो.

सगळ्यांत सोपं म्हणजे पाट्या लावून गप्प बसणं. पट्टेच अपुरे असताना पाटी काय करणार?

दुसरं टोक, वाटच बंद. टोरंटोने त्याच वसंतात चेरीचा बहर असताना हाय पार्क बंद केलं. महाराष्ट्रात तर बागांना, चौपाट्यांना कुलपं लागलीच. पण व्हँकुव्हरच्या आरोग्य यंत्रणेचा रोख लोकांना बाहेरच्या हवेत पाठवण्यावर होता. अशात सगळ्यांत मोठी मोकळी जागा बंद करणं म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्याने काढून घेणं.

तिसरा पर्याय चालणाऱ्यांनाही एकाच दिशेने पाठवायचा. कागदावर उत्तम. पण ९ किलोमीटरच्या वर्तुळात म्हातारं माणूस अर्धा किलोमीटर जाऊन परत फिरणार नाही, तर करेल काय?

चौथा, वेळा वाटून देणं: सकाळी सायकली, बाकी दिवस चालणारे. याकडे पुढे परत येईन, कारण मला तो तेव्हा जेवढा वाटला होता त्याहून चांगला वाटतो.

पाचवा, सायकली गाड्यांच्या रस्त्यावर पाठवणं. चालणाऱ्याला वाचवण्यासाठी सायकलवाल्याला गाड्यांपुढे ढकलायचं. भारतातल्या शहरांत हे न सांगता रोजच होतं. पुण्यातल्या सायकल ट्रॅकवर दुचाक्या उभ्या असतात आणि सायकल बसच्या शेजारून चालते.

आणि सहावा: आधी रस्त्यावरून गाड्या काढायच्या, मग त्या मोकळ्या रस्त्यावर सायकली न्यायच्या.

काय केलं

सहावाच. ८ एप्रिल २०२० ला, ईस्टरच्या लांब सुट्टीच्या तोंडावर, उद्यानातला रस्ता गाड्यांसाठी बंद झाला. पार्किंग बंद. कॉजवे मात्र चालू राहिला. तो हमरस्ता आहे आणि खाडीपलीकडच्या नॉर्थ शोअरला जायचा मार्ग. त्याच महिन्यात सीवॉलच्या उद्यानातल्या भागावरून सायकली हलवून त्यांना स्टॅनली पार्क ड्राइव्हवर पाठवण्यात आलं. उद्यानाबाहेर बीच अव्हेन्यूवर महानगरपालिकेने एका दिशेच्या लेन गाड्यांसाठी बंद करून तिथेही सायकलींना जागा दिली.

हे शेवटचं वाटतं तेवढं किरकोळ नाही. बोर्डाने उद्यानापुरता निर्णय घेतला असता आणि शहराने हात वर केले असते, तर सायकलवाले उद्यानाच्या तोंडाशी येऊन पुन्हा फुटपाथवर चढले असते. दोन यंत्रणा एकाच महिन्यात एकाच दिशेने हलल्या. ज्यांना आपल्याकडची महापालिका आणि सार्वजनिक बांधकाम खातं यांचा अनुभव आहे, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

बंदी राबवायला वाटेच्या तोंडाशी बॅरिकेड, पाट्या आणि उद्यानाचे कर्मचारी होते. पण मला वाटतं, ती मोठ्या प्रमाणावर पाळली गेली ती पाट्यांमुळे नाही. दोन लेनचा, जंगलातून जाणारा, एकही गाडी नसलेला डांबरी रस्ता समोर असताना अरुंद वाटेवर माणसं चुकवत जायची हौस कुणाला? मनाईपेक्षा आमिष मोठं होतं.

पहिल्या टप्प्याचे परिणाम

चालणाऱ्यांसाठी बदल चटकन जाणवला. वाटेची पूर्ण रुंदी त्यांची झाली. आजोबांची घंटीची धास्ती गेली.

रस्त्यावर सायकलींची रांग लागली. नेहमीचे सायकलस्वार आलेच, शिवाय वर्षानुवर्षं बाल्कनीत गंजत पडलेल्या सायकली घेऊन नवे लोकही आले. त्या उन्हाळ्यात दुकानांत सायकली मिळेनाशा झाल्या होत्या.

पण त्याच घरातली नात, तेव्हा सहा वर्षांची, तिची गोष्ट वेगळी. आदल्या वर्षी ती आईबरोबर सीवॉलवर लहान सायकल चालवायला शिकली होती. बिनगिअरची सायकल. आता रस्ता. ब्रॉकटन पॉइंटपर्यंत, लंबरमेन्स आर्चपर्यंत ठीक. पुढे प्रॉस्पेक्ट पॉइंटचा चढ सुरू झाला आणि ती उतरली. आईने एका हाताने स्वतःची आणि दुसऱ्या हाताने तिची सायकल ढकलत चढ काढला. मागून येणारे वेगवान सायकलस्वार "डावीकडून येतोय" असं ओरडत जात होते. वर पोहोचल्यावर पोरगी म्हणाली, मला खालचा रस्ता हवाय. तिथून पुढे उताराचा प्रश्न वेगळाच: छोटे ब्रेक आणि वेग घेणारा रस्ता. त्यानंतर त्या दोघीजणी लंबरमेन्स आर्चच्या पुढे गेल्याच नाहीत.

नियमाने "सायकलस्वार" असा एकच गट धरला होता. त्यात कार्बनच्या सायकलवर चढ चढणारा होता, सहा वर्षांची पोर होती आणि गुडघे दुखतात म्हणून सपाट वाटेवर सायकल चालवणारी सत्तरीची बाईही होती. पहिल्याला बंदी ही बक्षीस होती. बाकीच्या दोघींना सरळ बाहेरचा रस्ता. रस्त्यावर मोजणी करणाऱ्या यंत्राला फक्त आलेले दिसतात, न आलेले दिसत नाहीत. त्यामुळे आकडा वाढला की सगळं बरं चाललंय असं वाटतं.

गाडीशिवाय येऊच न शकणाऱ्यांची तक्रार तितकीच खरी होती. चालायला त्रास असलेल्या माणसाला उद्यानाच्या आत नेऊन सोडणारी गाडीच बंद. उपाहारगृहं आणि घोडागाडीच्या सहली चालवणाऱ्यांचाही दबाव वाढत होता.

२२ जून: निर्णयाची खरी जागा

२२ जून २०२० ला रस्ता गाड्यांना परत उघडला, पण अर्धाच. दोनपैकी एक लेन गाड्यांना, दुसरी सायकलींना, मध्ये रस्त्यावर ठेवतात ते नारिंगी कोन. पार्किंगच्या काही जागा अजूनही बंद. सायकलींना सीवॉलवर मात्र परत घेतलं नाही.

तडजोड म्हणून ती वाईट नव्हती. गाडीने येणाऱ्या वृद्धांना आणि अपंगांना दार उघडलं. पण त्या दिवशी बंदीचा मूळ सौदा बदलला होता. सौदा असा होता: तुम्ही सपाट वाट सोडा, आम्ही गाड्यांविना रस्ता देतो. आता रस्त्यावर गाड्या आल्या, सायकली एका लेनमध्ये आल्या, आणि त्या एका लेनमध्ये चढावर धापा टाकणारं मूल आणि त्याला मागे टाकू पाहणारा तरुण शेजारी शेजारी. ओलांडायचं तर कोनांच्या पलीकडे गाड्या. गाड्यांच्या एका लेनमध्येही तेच. पुढे घोडागाडी असली की मागे मिरवणूक.

चालणाऱ्यांच्या बाजूनेही बोलायला हवं. जूनमध्ये अंतराचा सल्ला कायम होता, वाट रुंद झालेली नव्हती, आणि उन्हाळ्यात गर्दी वाढतेच. सायकली सरसकट परत आणल्या असत्या तर एप्रिलचीच अवस्था झाली असती. म्हणून "बंदी उठवायला हवी होती" असं मी म्हणत नाही. ती जशीच्या तशी पुढे ढकलायला नको होती, एवढंच म्हणतो. रस्ता बदलला त्याच दिवशी बंदीही पुन्हा टेबलावर घ्यायला हवी होती.

पुढे काय झालं

सप्टेंबर २०२० च्या अखेरीस रस्त्याच्या दोन्ही लेन गाड्यांना मिळाल्या आणि सायकली सीवॉलवर परतल्या. बंदी संपली.

रस्त्यावरच्या सायकल लेनची कथा मात्र संपली नाही. २०२१ मध्ये ती परत आली, आणि या वेळी सीवॉलही सायकलींना खुली होती. माझ्या मते सगळ्यांत बोलकी व्यवस्था हीच: मनाई नाही, दोन वाटा, ज्याची त्याने निवडावी. घाईत असणारे आपणहून रस्त्यावर गेले. लहान मुलं आणि सावकाश जाणारे खाली समुद्राकाठी राहिले. मनाईने जे साधलं ते बऱ्याच अंशी निवडीनेही साधलं. फरक एवढाच, की तोवर अंतराचा धाक कमी झाला होता. त्यामुळे २०२० च्या एप्रिलमध्येही हे चाललं असतं, असा दावा करता येत नाही.

पण तात्पुरती म्हणून आलेली ती लेन आता राजकारणाचा विषय झाली होती. १५ ऑक्टोबर २०२२ च्या निवडणुकीत शहरात सत्ता बदलली, पार्क बोर्डाच्या सातपैकी सहा जागा एकाच नव्या पक्षाला मिळाल्या, आणि २०२३ मध्ये लेनचा बराचसा भाग काढला गेला. मधल्या काळात जानेवारी २०२२ च्या वादळाने सीवॉलचे तुकडे उखडले आणि काही भाग सगळ्यांनाच बंद झाला. अशा वेळी वरची लेन उपयोगी पडते, हा मुद्दा त्या भांडणात जेवढा वाजायला हवा होता तेवढा वाजला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, मुदत. एप्रिलमध्ये तारीख देणं कुणालाच शक्य नव्हतं, साथ कुठे जाणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तारीख नसली तरी अट देता येते. "रस्त्यावर गाड्या नाहीत तोवर सीवॉलवर सायकली नाहीत; गाड्या आल्या की फेरविचार" असं आदेशातच लिहिलं असतं, तर २२ जूनला सायकलवाल्यांच्या प्रतिनिधींना नव्याने भांडावं लागलं नसतं.

दुसरी, वेळा वाटून देण्याचा तो चौथा पर्याय. गर्दी दिवसभर सारखी नसते. उन्हाळ्यात तिथे पाचच्या सुमाराला उजाडतं. सकाळचे पहिले दोन-तीन तास वाट बरीच मोकळी असते. तेवढा वेळ सायकलींना, तोही मुलांना आणि सावकाश चालवणाऱ्यांना उद्देशून, देता आला असता. राबवणं कटकटीचं, हे मान्य. सात वाजता कोण मूल आणि कोण "सावकाश", हे पाहायला माणूस लागतो. मुंबईत २०२२ च्या मार्चपासून पोलिसांनी मरीन ड्राइव्हसह काही रस्ते रविवारी सकाळी गाड्यांना बंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हा वेळेचं बंधन लोकांना चटकन समजलं. घड्याळ सगळ्यांकडे असतं. दोन्हीकडचा फरक असा, की मुंबईत मनाई गाड्यांना होती, आणि गाडी लांबून ओळखू येते.

तिसरी, बंदी पूर्ण वर्तुळावर कशाला? रस्ता आणि सीवॉल यांच्या उंचीत मोठा फरक पडतो तो लायन्स गेट ब्रिजच्या आसपास आणि पुढे थर्ड बीचपर्यंत. पूर्वेकडच्या भागात दोन्ही जवळजवळ एकाच पातळीवर आहेत. तिथे सायकली रस्त्यावर नेल्या तर कुणाचं फारसं बिघडत नाही. चढाच्या भागात खालच्या वाटेवर सायकल हातात धरून चालत जायची मुभा ठेवली असती, तर त्या मायलेकींना वर्तुळ पूर्ण करता आलं असतं. अडचण अशी, की नेमका हाच पट्टा सीवॉलचा सगळ्यांत चिंचोळा. हातात धरलेली सायकल माणसापेक्षा जास्त जागा घेते. म्हणून हा उपायही गर्दीच्या तासांना चालला नसता. पहाटेच्या वेळेशीच त्याची सांगड घालावी लागली असती.

आजोबांना त्या उन्हाळ्यात भारत सरकारच्या विशेष विमानांपैकी एकात जागा मिळाली. सून म्हणते, जाण्याआधी त्यांना उजवीकडे व्हायची सवय लागली होती, आणि नाशिकला गेल्यावर पहिल्याच दिवशी कॉलेज रोडवर एका रिक्षावाल्याने त्यांना त्याबद्दल चांगलंच सुनावलं.